पापनाशमच्या मामांची उचकी

सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण घेताना प्रत्येकाला एक प्रबंध लिहावा लागतो. माझ्या बरोबरच्या मुलांनी शहाणपणा करून सोपे, हाताशी असलेले विषय घेतले. मी विषय शोधायला वाचनालयात गेले होते, तेवढ्यात सरांनी मला बोलावून विषय हातात ठेवला.

"यकृताचं ऑपरेशन झालेला पेशंट इथं असेपर्यंत आपण त्याचं लघवीचं मापसुद्धा लिहून ठेवतो," सर म्हणाले. "घरी गेला की तो आपल्याला विसरतो आणि आपण त्याला. त्या मधल्या काळात त्याला काय काय होतं, ते तू बघायचं."

आमच्या तंजावूरच्या त्या हॉस्पिटलात यकृताची मोठी ऑपरेशनं एकटे सरच करत. म्हणजे सरांच्याच पेशंटना सरांच्याच ऑपरेशननंतर काय बिघडलं, हे मी शोधायचं आणि ते सरांनाच तपासायला द्यायचं. मी हे वरच्या वर्षाच्या एका मुलाला सांगितलं. त्यानं माझ्याकडे फाशीच्या कैद्याकडे बघावं तसं बघितलं आणि मला स्वतःच्या खर्चानं चहा पाजला.

काम तसं साधं होतं. घरी गेलेल्या प्रत्येक पेशंटला ठरावीक दिवशी फोन करायचा. ताप येतो का, जखमेतून काही येतं का, डोळे पिवळे दिसतात का, जेवण जातं का, असे प्रश्न तमिळमध्ये विचारायचे. शेवटचा प्रश्न सरांनी मुद्दाम घालायला लावला होता: "आणखी काही त्रास?"

या प्रश्नानं माझं आयुष्य पालटलं. लोक जणू त्याचीच वाट बघत असत. ताप नाही, पू नाही, सगळं नाही नाही म्हणत पटापट उत्तरं द्यायचे आणि इथं आले की सैलावून बसायचे. एका बाईंनी मला सून कशी भांडी आपटते ते आपटून ऐकवलं. एका निवृत्त अधिकाऱ्यांना शेजारच्या कुत्र्याचा त्रास होता. हा त्रास ऑपरेशनच्या आधीपासूनचा की नंतरचा, असं मी विचारलं तर त्यांना राग आला. एक गृहस्थ "डॉक्टरम्मा, जेवलात का?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याच प्रश्नाला हात घालत नसत, आणि मी "नाही" म्हटलं तर "आधी जेवा" म्हणून फोन ठेवून देत.

"हे सगळं लिहू का?" मी सरांना विचारलं.

"सगळं लिही. त्रास कोणता आणि गुंतागुंत कोणती, ते नंतर बसून ठरवू."

पापनाशमचे मामा याच अभ्यासातले. तसे ते माझे कोणी नव्हते. तंजावूर आणि कुंभकोणम यांच्या मधल्या त्या गावात त्यांची थोडी भातशेती होती, नोकरी पोस्टात झाली होती, आता निवृत्त होते. यकृताच्या उजव्या बाजूला एक गाठ निघाली म्हणून आमच्याकडे भरती झाले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांना तमिळमध्ये सगळं समजावून सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बायकोकडे वळून मराठीत म्हणाले, "ही एवढीशी पोर काय चाकू चालवणार?"

"चाकू सर चालवणार आहेत," मी मराठीत म्हटलं. "मी फक्त धरून उभी राहणार."

दोघंही उडालेच. मग मामा उठून बसले आणि माझी उलटतपासणी सुरू झाली. कोणाची? राजवाड्याजवळच्या कोणत्या गल्लीतली? आई कुठली? माझी आत्या त्रिचीला दिली आहे हे कळल्यावर त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात हिशेब केला, आणि आत्याच्या मोठ्या जावेचं माहेर हे मामींच्या आजोळच्या शेजारचं, असं सिद्ध करून दाखवलं. त्या क्षणापासून मी भाची झाले आणि ते मामा.

आमचं बोलणं इथं मी जरा वळण बदलून लिहिते आहे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरकडचीच मराठी माणसं; घरातली आमची मराठी म्हणजे जुने शब्द आणि तमिळ सूर, मधेच इंग्रजी. देवनागरी मी शाळेत हिंदीच्या परीक्षांसाठी शिकले आणि नंतर काही वर्षं नोकरीनिमित्त पुण्यात काढली, म्हणून हे असं लिहिता येतं. मामांना मराठी वाचता येत नसे, पण बोलायला लागले की थांबत नसत.

त्या दिवशी मामींनी विचारलं, "पण नक्की कशाचं ऑपरेशन?" तमिळमधला 'कल्लीरल' हा शब्द त्यांनी ऐकला होता, पण आपल्या भाषेत त्याला काय म्हणतात ते त्यांना हवं होतं. 'यकृत' हा शब्द आमच्या घरात कोणी कधी उच्चारला नव्हता. मी उत्साहानं म्हटलं, "काळजाचं."

मामी मटकन खाली बसल्या. "पोटातलं म्हणाले होते ना?"

मग मी त्यांच्या बरगडीखाली हात लावून दाखवलं, की हे काळीज निराळं, धडधडणारं निराळं. हे इथं असतं, त्याचा एक तुकडा काढायचा, उरलेलं पुन्हा वाढतं. मामा छताकडे बघत म्हणाले, "काळजाचा एक तुकडा मुलीचं लग्न झालं तेव्हा गेला. आता हा दुसरा. तो तर काही पुन्हा वाढला नाही." मामींनी त्यांना दटावलं, पण पदर तोंडाशी नेऊन.

ऑपरेशन सुरळीत झालं. गाठीचा अहवाल आला, त्यात वाईट काही नव्हतं. मामा घरी गेले. पहिल्या फोनला सगळी उत्तरं "नाही" अशी आली आणि शेवटच्या प्रश्नाला मामा एकदम गरजले, "त्रास? बदनामी होते आहे माझी! लिही!"

झालं होतं असं, की पापनाशममध्ये मामांच्या यकृताचं ऑपरेशन झाल्याची बातमी पसरली, आणि यकृत म्हटलं की दारू, एवढं गावाला पक्कं ठाऊक. मामांनी आयुष्यात थेंबाला शिवलं नव्हतं. आता दूधवाला त्यांच्याकडे आदरानं बघत म्हणाला होता, "सार, इतकी वर्षं कोणाला कळूसुद्धा दिलं नाहीत हो!" देवळात जुने मित्र खांद्यावर हात ठेवून "आता तरी सोडा" असं सांगत होते. मामांना माझ्याकडून शिक्का मारलेलं प्रमाणपत्र हवं होतं, की हा मनुष्य पीत नाही. मी म्हटलं, असं प्रमाणपत्र आम्ही देत नाही. "मग प्रबंधात तरी लिही," ते म्हणाले. मी लिहिलं.

त्यानंतरच्या फोनची गोष्ट मात्र वेगळी. वैशाखातली दुपार होती. मी वॉर्डाच्या मागच्या खोलीत पंख्याखाली बसून फोन करत होते.

"मामा, ताप?"

"नाही."

"जखमेतून पाणी, पू?"

"नाही. हुक्."

"काय झालं?"

"काही नाही. विचार पुढचं. हुक्."

"उचकी लागली आहे का?"

"लागली आहे थोडीशी. तुझ्या प्रश्नांत उचकी आहे का?"

"नाही."

"मग झालं तर. हुक्. पुढचं विचार."

तेवढ्यात मामींनी फोन हातातून काढून घेतला. थोडीशी म्हणे! तीन-चार दिवस झाले, जेवताना, झोपताना, पूजेत, कधीही. साखर देऊन झाली, पाणी पिऊन झालं, श्वास कोंडून झाला. शेजाऱ्यांनी घाबरवून बघू म्हटलं आणि एकदम येऊन ओरडले, "शेतातली मोटार चोरीला गेली!" उचकी खरोखर थांबली, पण मामा वहाणा न घालताच शेताकडे निघाले आणि तिथं मोटार जागेवर दिसताच उचकी परत आली.

"मामी, आणखी काही? खांदा वगैरे दुखतो का?"

"उजवा दुखतो. कुशीवर झोपले असतील वेडेवाकडे. आणि संध्याकाळी शाल घेऊन बसतात."

"शाल?"

"हो. थंडी वाजते म्हणतात."

वैशाखात तंजावूरकडे माणसं दुपारी ओला पंचा अंगावर घेऊन पडतात. मी उठलेच.

सर ऑपरेशन थिएटरच्या बाहेर चहा पीत होते. मी सांगत गेले तसा त्यांनी कप खाली ठेवला. यकृताच्या माथ्यावर श्वासाचा पडदा असतो. कापलेल्या कडेतून पित्त झिरपून त्या पडद्याखाली साचलं की पडदा चिडतो, आणि चिडला की उचकी लागते. त्या पडद्याची नस मानेतून येते, त्यामुळे बिघाड पोटात आणि दुखणं खांद्यात, असा प्रकार होतो. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. फोनवर ऐकलं नव्हतं.

"आजच बोलाव," सर म्हणाले.

मी पुन्हा फोन केला. मामा म्हणाले, "आज अष्टमी."

"मग उद्या?"

"उद्या नवमी." आमच्याकडे या दोन तिथींना कोणी शुभ काम करत नाही, प्रवासाला निघत नाही. "परवा येतो, दशमीला. उचकीनं कोणी मेलंय का? हुक्."

सरांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "आतलं पित्त अष्टमी-नवमीला साचायचं थांबतं का, विचार त्यांना." मग म्हणाले, "तू जा. भाची ना तू?"

दुसऱ्या दिवशी सकाळचा राउंड उरकून मी पापनाशमची पॅसेंजर पकडली. खिडकीतून दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, आणि माझ्या डोक्यात एकच विचार, की नवमीवर तोडगा काय?

मामांच्या घराबाहेरच्या ओट्यावर, आम्ही त्याला तिण्णै म्हणतो, एक अनोळखी गृहस्थ बसले होते. कमरेला पांढरीशुभ्र वेष्टी, ताठ पाठ, मांडीवर बॅग. समोर रस्त्यावर गाडी उभी. बसची वाट बघत असल्यासारखे ते बसले होते; पण गाडी त्यांचीच होती. मी चपला काढत असताना मामी दारात आल्या आणि मला थेट स्वयंपाकघरात ओढून घेऊन गेल्या.

"तो माझा धाकटा भाऊ," त्या कुजबुजल्या. "कुंभकोणमहून आलाय. सकाळपासून बाहेरच बसलाय. हे आत ये म्हणत नाहीत आणि तो म्हटल्याशिवाय येत नाही."

मग मला खरी हकीकत कळली. उचकी लागली म्हणजे कोणीतरी आठवण काढतंय, आणि त्या माणसाचं नाव घेतलं की थांबते, हे मामींनाही आपल्या सगळ्यांसारखंच माहीत. त्यांनी पद्धतशीरपणे काम हाती घेतलं होतं. आधी नाव घ्यायचं; उपयोग झाला नाही तर फोन करून खात्री करून घ्यायची. चेन्नईच्या मुलीला विचारलं, "तू बाबांची आठवण काढते आहेस का?" ती म्हणाली, "अम्मा, मी मीटिंगमध्ये आहे." जावई घाबरून "हो" म्हणाला, पण उचकी थांबली नाही. पोस्टातले जुने सहकारी झाले, दोन्हीकडचे चुलत झाले. जिवंत माणसं संपल्यावर मामी गेलेल्यांची नावं घेऊ लागल्या, आणि दोन-तीन नावांनंतर त्यांच्या लक्षात आलं की गेलेल्यांनी मामांची आठवण काढणं काही बरं नाही. त्या घाबरून थांबल्या.

एकच नाव उरलं होतं, जे या घरात घेतलं जात नसे. भावाचं. चटणी वाटता वाटता त्यांनी ते तोंडातल्या तोंडात घेतलं, आणि योगायोग असा, की बाहेर मामांचं सबंध जेवण उचकीशिवाय झालं. मामींनी लगेच भावाला फोन लावला.

"मी कशाला त्यांची आठवण काढू?" भाऊ तडकून म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन दारात हजर.

"भांडण कशावरून?" मी विचारलं.

"कॉफीवरून," मामी म्हणाल्या. मुलीच्या लग्नात, वराकडची मंडळी बसलेली असताना, या भावानं पेला खाली ठेवून मोठ्यानं जाहीर केलं होतं की कॉफी पाणचट आहे. वधूपित्याला हे किती लागतं, ते आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. कित्येक वर्षं झाली. जावयाला ती कॉफी आठवतसुद्धा नाही.

मी बाहेरच्या खोलीत आले. मामा आरामखुर्चीत शाल पांघरून बसले होते. चेहरा उतरला होता. मी नाडी बघितली, कपाळाला हात लावला. अंग चांगलंच तापलं होतं.

तेवढ्यात तिण्णैवरून आवाज आला. "अक्का, त्यांना सांग, गाडी उभी आहे."

मामा माझ्याकडे बघत मामींना म्हणाले, "त्याला सांग, आज नवमी आहे."

"त्यांना सांग, गाडी डिझेलवर चालते. तिला नवमी-बिवमी काही नसतं."

"त्याला सांग, मी... हुक्... मी कोणाच्या गाडीत बसणार नाही."

"त्यांना सांग, मागं झोपायला जागा आहे."

मामी दोघांच्या मधे उंबऱ्यावर उभ्या होत्या आणि काहीच सांगत नव्हत्या, कारण दोघांनाही सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

मी खाली, मामांच्या खुर्चीपाशी बसले. "मामा, आता गंमत नाही. आत पित्त साचलं असावं असा मला संशय आहे, आणि ते बहुतेक नासायला लागलं आहे. आज आलात तर सुईनं आणि बारक्या नळीनं काम होईल. थांबलात तर कदाचित पुन्हा पोट उघडावं लागेल. मला ते बघायचं नाही."

उचक्या चालूच होत्या. मामा हळूच म्हणाले, "येतो गं. पण नवमीला घराबाहेर पाऊल..."

"पाऊल सप्तमीलाच बाहेर पडलंय," मामी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"उचकी थांबेना तेव्हाच मला कळलं, डॉक्टरकडे जावं लागणार. तुमचा पंचा आणि चष्म्याचं घर मी सप्तमीलाच शेजारी नेऊन ठेवलं. परस्थान ठेवलंय."

पुढचा दिवस वाईट असेल तर चांगल्या दिवशीच प्रवासातली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेवायची, म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. ही जुनी रीत. मामा गेले दोन दिवस चष्म्याचं घर शोधत होते. त्यावरून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं आणि मामी त्यांच्याबरोबर गाद्या उचलून शोधतही होत्या. आता ते बायकोकडे बघतच राहिले. मला वाटतं, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावरही त्यांना त्या क्षणी जरा भीती वाटली असावी.

ते शाल सावरत उठले. दारापर्यंत आले. तिण्णैवरचे गृहस्थ उभे राहिले. दोघं समोरासमोर.

"ए," मामा म्हणाले, "गाडीत एसी आहे का?"

"आहे."

"बंद ठेव. मला थंडी वाजते."

वैशाखातल्या भर दुपारी आम्ही चौघं काचा लावून, एसी न लावता तंजावूरला आलो. मामींचा भाऊ गाडी चालवत होता, त्याच्या पांढऱ्या सदऱ्यातून घाम निथळत होता, आणि त्यानं एका शब्दानं तक्रार केली नाही. मागून अधूनमधून "हुक्" ऐकू आलं की तो आरशात बघायचा.

सोनोग्राफीच्या पडद्यावर ते लगेच दिसलं. यकृत आणि श्वासाचा पडदा यांच्या मधे काळी चंद्रकोर, चांगली जाडजूड. सर मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी मान हलवली. जागा बधिर करून सुई घातली, सुईवरून नळी, आणि नळीतून गढूळ, हिरवट-पिवळं पित्त पिशवीत उतरू लागलं. मामा डोळे घट्ट मिटून स्तोत्र म्हणत होते. मधे उचकी आली की तीच ओळ पुन्हा सुरुवातीपासून.

संध्याकाळी सर वॉर्डात आले. मी त्यांच्याबरोबर होते. ते मामांच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसले. सर पेशंटजवळ कधी बसत नसत.

"यकृताची जी कड मी कापली, तिथून पित्त झिरपलं," ते तमिळमध्ये म्हणाले. "बंद करण्याआधी मी बघितलं होतं, तेव्हा कोरडं होतं. नंतर सुटलं. असं होतं कधीकधी. पण ते माझ्या ऑपरेशनमधून आलेलं आहे. तुमच्या खाण्यानं नाही, चालण्यानं नाही. घरचे कोणी तुम्हाला बोलले तर माझ्याकडे पाठवा."

इतक्या मोठ्या डॉक्टरांनी आपल्या खाटेशी बसून असं बोलावं याची मामांना सवय नव्हती. त्यांनी सरांचा हात धरला आणि थोपटला, जणू सरांनाच बरं नव्हतं. मग म्हणाले, "चाकू चांगला होता हो तुमचा. गाठ तर गेली ना?"

बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "लिहिशील ना?"

"लिहिते, सर."

"नीट लिही. माझा पेशंट म्हणून सौम्य शब्द वापरू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी उचकी थांबली होती. ताप उतरायला पुढचे काही दिवस लागले, पण उचकी गेली ती गेलीच. आता ती कोणामुळे गेली, यावर वॉर्डात चर्चा रंगली. नळी घालणाऱ्या डॉक्टरांना वाटत होतं, नळीमुळे. मामींना वाटत होतं, नाव घेतल्यामुळे. आणि मामींचा भाऊ शेजारच्या खाटांवरच्या नातेवाइकांना सांगत होता, की मी आलो आणि थांबली. "पण थांबली तुम्ही आल्यानंतर एक अख्खा दिवस गेल्यावर," मी म्हटलं. तो म्हणाला, "एवढ्या वर्षांचं भांडण आहे, डॉक्टर. असर व्हायला वेळ लागणारच."

तो घरी गेलाच नाही. मामींना रात्री झोप मिळावी म्हणून त्यांना त्यानं आमच्या घरी पाठवलं. नातं सिद्ध झालेलंच होतं, त्यामुळे माझ्या आईनं दिवाणखान्यात गादी घातली. तो स्वतः मामांच्या खाटेशेजारी बाकावर झोपला, पिशवीतलं पित्त मोजू लागला, नर्सच्या आधी मला आकडा सांगू लागला. मामा आणि तो अजून थेट फारसं बोलत नव्हते. पथ्याचं, औषधाचं, एवढंच.

मग मामांना कॉफी प्यायला परवानगी मिळाली. मेहुण्यानं हॉस्पिटलची कॉफी नाकारली, गाडी काढून स्टेशनजवळच्या एका हॉटेलात गेला आणि फ्लास्क भरून आणला. पितळी पेल्यात ओतली, फेस आणला, आणि दोन्ही हातांनी मामांना दिली. मी तेव्हा नळीची पट्टी बदलत होते. मामांनी वास घेतला. एक घोट घेतला. पेला खाली ठेवला. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"पाणचट आहे."

मामी जागच्या जागी थिजल्या. मेहुण्याचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला, आणि मग तो हसायला लागला. असा हसला की बाकाला धरून खाली बसला. मामाही हसायला लागले आणि मग बरगडीवर हात दाबून ओरडले, "अरे, हसवू नकोस, नळी ओढते!" मी दोघांना रागावले. पट्टी मला पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

पित्त हळूहळू कमी झालं, मग थांबलं, नळी निघाली. प्रबंधात मामांची गुंतागुंत कोणत्या प्रतीत बसते, ते मी आणि सरांनी बसून ठरवलं. नुसतं लक्ष ठेवून भागलं तर पहिली, औषधांवर भागलं तर दुसरी, सुई-नळी किंवा आणखी एखादी चीरफाड लागली तर तिसरी, अशी ती साधारण प्रतवारी. मी मामांना सांगितलं, तर ते खट्टू झाले. "तिसरी? आयुष्यात मी कधी तिसऱ्या वर्गात पास झालो नाही." मी सांगितलं, इथं उलटं असतं, वर जावं तसं वाईट, चौथीला माणूस अतिदक्षता विभागात असतो. त्यांनी पाचवीचं विचारलं. मी सांगितलं नाही. त्यांना कळलं.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक पानं उलटता उलटता मामांच्या ओळीवर थांबले. "हा बिघाड आधी लक्षात कसा आला? रक्ततपासणी? सोनोग्राफी?"

"ऐकू आला, सर. फोनवर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. सर खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

बांधून आलेला प्रबंध बघायला मामा, मामी आणि मेहुणा तिघंही आले. मामांना इंग्रजी कळत होतं, त्यांनी स्वतःला शोधून काढलं. नाव नव्हतं, नुसता क्रमांक. तरी ते पान त्यांनी मामींच्या चष्म्यातून आणि मग स्वतःच्या चष्म्यातून वाचलं. मेहुणा शेवटपर्यंत चाळून म्हणाला, "मी यात कुठं आहे?"

"तुमचं ऑपरेशन झालेलं नाही ना," मी म्हटलं.

"पण मी नसतो तर हे इथं आले असते का?"

त्याचं म्हणणं खरंच होतं. तो इतका हिरमुसला की सर म्हणाले, "चला, निदान तुमची सोनोग्राफी तरी करू." आणि केली. त्यात त्याच्या यकृतात चांगली चरबी निघाली. साखर कमी, तूप कमी, रोज चालायचं, असं सरांनी सांगितलं. मामांना झालेला आनंद ते लपवू शकले नाहीत. त्यांनी तिथंच जाहीर केलं, की हा कुंभकोणमला एकटा चालणार नाही, मी याला चालवतो.

आणि ते खरं झालं. आता मेहुणा रोज सकाळी कुंभकोणमहून पापनाशमला येतो आणि दोघं कालव्याच्या कडेनं फिरतात. मागच्या तपासणीला सरांनी त्याला विचारलं, चालता का नियमित? तो छाती पुढं काढून म्हणाला, "रोज." सर खूश झाले. मग मामी म्हणाल्या, "चालायला गाडीनं येतो."

सरांनी मान खाली घालून औषध लिहिलं आणि त्याला सांगितलं, गाडी निदान पापनाशमच्या रेल्वे फाटकाच्या अलीकडे लावत जा, तिथून घरापर्यंत पायी.